पिल्लू आजारी निघाले, तर भार कोणी उचलायचा?

पूर्वी आपल्या वस्तीत, चाळीत कुत्रे विकत घ्यायची कल्पना कोणाच्या डोक्यात येत नसे. दाराशी जे येई, उरलेल्या भाकरीवर राही आणि रात्री अनोळखी माणसावर भुंके, तेच आपले कुत्रे. आता दिवस बदलले आहेत. आपल्यातील पुष्कळ कुटुंबे बँकेत, रेल्वेत, शाळेत, खाजगी कंपनीत नोकरी करून कल्याण, अंबरनाथ, पिंपरी, नागपूर अशा ठिकाणी स्वतःच्या घरात राहायला गेली आहेत. मुले लॅब्रॅडॉर, पग, जर्मन शेफर्ड ही नावे सहज घेतात आणि वाढदिवसाला पिल्लू मागतात. आईवडील आठ-दहा महिने पैसे बाजूला टाकून ते आणतातही. यात वावगे काही नाही. मुक्या प्राण्याला जीव लावणारी मुले माणसांनाही जीव लावायला शिकतात, असे आमचे मत आहे.

मात्र एक गोष्ट आम्हांला खटकते. मिक्सर घेताना आपण वारंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घेतो, तारीख तपासतो, पावती कपाटात जपून ठेवतो. त्याच मिक्सरच्या कितीतरी पट किमतीचे पिल्लू मात्र आपण रस्त्याच्या कडेला, पुठ्ठ्याच्या खोक्यातून, रोख पैसे मोजून घेतो. हाती काय येते? तर विकणाऱ्याच्या तोंडचे दोन शब्द : "गॅरंटी आहे." कशाची गॅरंटी, किती दिवसांची, आणि काही झाले तर देणार काय, हे कोणी विचारत नाही. आज याच दोन शब्दांचा विचार करायचा आहे.

एका घरची हकिकत

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने मोबाइलवरील जाहिरात पाहून लॅब्रॅडॉरचे पिल्लू घेतले. किंमत पंधरा हजार. विकणाऱ्याने घरी बोलावले नाही, एस. टी. स्थानकाजवळ पिल्लू आणून दिले. "अठ्ठेचाळीस दिवसांचे आहे, एक लस झालेली आहे, गॅरंटीचा माल आहे," असे तो म्हणाला. पावती नाही, लसीचे पुस्तक नाही. तिसऱ्या दिवशी पिल्लाने खाणे सोडले. रात्री उलट्या, सकाळी रक्ताची हगवण. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून पार्व्हो सांगितला. पाच दिवस सलाईन चालले. सहाव्या दिवशी पिल्लू गेले.

विकणाऱ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडून निघाले तेव्हा ठणठणीत होते. तुमच्या घरात काहीतरी झाले असेल. तरी पण माणुसकी म्हणून दुसरे घेऊन जा." त्यांनी दहा दिवसांनी दुसरे आणले. तीच टोपली, तेच पांघरूण, तीच फरशी. दुसऱ्यालाही तोच आजार झाला. ते सुदैवाने वाचले. पण दोन्ही वेळच्या औषधपाण्याचा खर्च पिल्लाच्या किमतीपेक्षा अधिक झाला. घरातील सातवीतली मुलगी पंधरवडाभर धड जेवली नाही. आणि ती दोन्ही पिल्ले कोणत्या गावी, कोणत्या कुत्रीच्या पोटी जन्मली, हे त्या कुटुंबाला अखेरपर्यंत कळले नाही.

यात विकणाऱ्याने आपला शब्द मोडला का? त्याला विचाराल तर तो म्हणेल, नाही मोडला. गॅरंटी म्हणजे बदली पिल्लू, आणि ते दिले. येथेच खरी गोम आहे. बिघडलेला मिक्सर बदलून मिळाला की ग्राहकाचे नुकसान भरून निघते. पार्व्होच्या घरात दुसरे पिल्लू आणणे म्हणजे आगीत दुसरे लाकूड घालणे होय. या रोगाचा विषाणू फरशीवर, कपड्यावर, अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतो. आपल्याकडच्या रोजच्या फिनेलवर भरवसा ठेवता येत नाही. जागा आधी स्वच्छ धुऊन, मग एक भाग ब्लीचला सुमारे तीस भाग पाणी असे द्रावण दहा मिनिटे तसेच राहू द्यावे लागते. मातीला तर तेही पुरे पडत नाही. म्हणून अशा घरात सर्व लसी पूर्ण झालेले मोठे कुत्रे आणावे, किंवा कित्येक महिने थांबावे. विकणाऱ्याने हे सांगायला हवे होते. त्याने सांगितले नाही, कारण बदली पिल्लू देणे त्याला पैसे परत करण्यापेक्षा स्वस्त पडले.

दोष तीन प्रकारचे

पिल्लाचे आजार सगळे एका मापाने मोजता येत नाहीत. त्यांचे ढोबळ तीन प्रकार करावेत, म्हणजे गॅरंटीचे माप आपोआप कळू लागते.

पहिला प्रकार संसर्गाचा. पार्व्हो, डिस्टेंपर, पोटातील जंत, खरूज ही त्याची उदाहरणे. पार्व्होचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात, क्वचित चौदा दिवसही लागतात. म्हणजे घरी आणल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लू आजारी पडले, तर ते रोग घेऊनच आले असे धरायला चांगला आधार आहे. तीन आठवड्यांनी पडले, तर तो रोग आपल्या अंगणातून लागला असण्याचा संभव अधिक. डिस्टेंपरमध्ये डोळ्यांतून, नाकातून पू येणे, खोकला, ताप आणि पुढे झटके अशी लक्षणे दिसतात. तो कित्येकदा आठवड्यांनी उघड होतो. आता बाजारात चालणारी चोवीस तासांची गॅरंटी या आजारांपुढे ठेवून पाहा. जो रोग तीन दिवसांनी दिसतो, त्याला एक दिवसाची गॅरंटी! अशी गॅरंटी दिली काय आणि न दिली काय.

दुसरा प्रकार जन्मजात दोषाचा. हृदयाच्या ठोक्यात आवाज असणे, बेंबीजवळ हर्निया, टाळू फाटलेली असणे, ऐकू न येणे, नर पिल्लाचे वृषण खाली न उतरणे, हे दोष डॉक्टरांच्या साध्या तपासणीत बरेचसे कळतात. प्रत्येक दोष गंभीर असतोच असे नाही. काही पिल्लांच्या हृदयातला बारीक आवाज चार-पाच महिन्यांत आपोआप जातो. बेंबीचा लहान हर्निया पुष्कळदा भरून येतो. तेव्हा घाबरून जायचे कारण नाही. पण हे डॉक्टरांनी सांगायचे, विकणाऱ्याने नव्हे. म्हणून पिल्लू घरी आणल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत आपल्या स्वतःच्या डॉक्टरांकडे नेऊन तपासणी लिहून घ्यावी.

तिसरा प्रकार आनुवंशिक, पण उशिरा दिसणाऱ्या दोषांचा. यातला सर्वांत परिचित म्हणजे खुब्याच्या सांध्याचा दोष. डॉक्टर त्याला हिप डिस्प्लेशिया म्हणतात. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत घट्ट बसत नाही. पिल्लू मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखे उड्या मारत धावते, जिना चढायला कुरकुरते, पुढे लंगडते. लॅब्रॅडॉर व जर्मन शेफर्ड या आपल्याकडच्या लाडक्या जातींत तो पुष्कळ आढळतो. पाच-सहा महिन्यांपासून वर्षभरात तो दिसू लागतो, कधी त्याहून उशिरा. तोपर्यंत विकणाऱ्याची गॅरंटी संपून कितीतरी दिवस झालेले असतात, आणि पिल्लू तर घरचेच झालेले असते.

चपट्या नाकाच्या जातींची गोष्ट आणखी वेगळी. पग, बुलडॉग यांचे नाक आत दबलेले असते, श्वासाची वाट अरुंद असते, म्हणून ती घोरतात, धापा टाकतात. विदर्भातील उन्हाळा त्यांच्या जिवावर बेतू शकतो. आपण ज्या तोंडाला गोड म्हणून पैसे मोजतो, तेच तोंड त्या प्राण्याचा आजार आहे. येथे ब्रीडरकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात, हे मान्य केले पाहिजे. मागणी आहे म्हणून पैदास आहे.

चूक वेगळी, भार वेगळा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पिल्लू आजारी निघाले की दोन्ही बाजूंची भांडणे एकाच प्रश्नावर होतात : चूक कोणाची? घेणारा म्हणतो, तू आजारी पिल्लू दिलेस. विकणारा म्हणतो, तू नीट सांभाळले नाहीस. हा वाद कधी संपत नाही. कारण पुष्कळ दोषांत चूक खरोखरच कोणाची नसते.

खुब्याचेच उदाहरण घ्या. हा दोष एका जनुकाने येत नाही, अनेक जनुके मिळून येतो. आईबाप दोघांचेही खुबे चांगले असताना एखादे पिल्लू दोषाचे निघू शकते. शिवाय पिल्लाला अतिखाऊ घालून लठ्ठ केले, गुळगुळीत फरशीवर घसरू दिले, लहान वयात उंचावरून उड्या मारायला लावल्या, तर तोच दोष बळावतो. म्हणजे एकाच लंगडण्यात आईबापांचा वाटा आहे, ब्रीडरचा आहे, आपल्या स्वयंपाकघराचाही आहे. अशा वेळी चूक शोधत बसलो तर पिल्लू लंगडतच राहते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, गॅरंटी म्हणजे चुकीची कबुली नव्हे. भार कोणी आणि किती उचलायचा, हे आधी ठरवून ठेवलेले बोलणे म्हणजे गॅरंटी. प्रामाणिक ब्रीडरच्या हातूनही आजारी पिल्लू जाऊ शकते. पण प्रामाणिक आणि बेइमान यांतला फरक येथे कळतो : प्रामाणिक माणूस पिल्लू देण्याआधी सांगतो की, असे झाले तर मी इतका खर्च देईन, आणि ते लिहून देतो. तो कुत्री दाखवतो, तिची जागा दाखवतो, आईबापांच्या खुब्यांचा एक्स-रे काढलेला असल्यास समोर ठेवतो. लपवण्यासारखे ज्याच्याकडे आहे, तो एस. टी. स्थानकावर भेटतो.

ही नुसती आमची कल्पना नव्हे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने १९९० मध्येच असा कायदा केला. विक्रीनंतर चौदा दिवसांत संसर्गजन्य आजार, किंवा एका वर्षात जन्मजात वा आनुवंशिक दोष असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले, तर घेणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. पिल्लू परत देऊन पैसे घ्यावेत. पिल्लू बदलून घ्यावे. किंवा पिल्लू स्वतःकडेच ठेवून उपचाराचा खर्च किमतीच्या मर्यादेपर्यंत घ्यावा. यातली तिसरी वाट आम्हांला सर्वांत शहाणपणाची वाटते. जीव लावलेले पिल्लू परत देऊन पैसे कोण मागेल? इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून दुकानदाराने किंवा दलालाने सहा महिन्यांखालील पिल्लू विकण्यास बंदी आहे. पैदास करणाऱ्यानेच, पिल्लू त्याच्या आईजवळ दाखवून, ते विकले पाहिजे.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो

आपल्याकडे पिल्लांच्या गॅरंटीसाठी असा वेगळा कायदा नाही. पण म्हणून आपण उघड्यावर आहोत असेही नाही. दोन दारे आहेत.

पहिले दार प्राण्यांच्या कायद्याचे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी नियम केले. त्यांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलीच पाहिजे. मधला हस्तक आणि व्यापारीही या नियमांतल्या 'ब्रीडर' या शब्दात येतात. मी तर फक्त मधला माणूस, असे म्हणून सुटता येत नाही. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. विक्रीपूर्वी पिल्लाला मायक्रोचिप बसवलेली असली पाहिजे. कुत्री अठरा महिन्यांची होईपर्यंत तिची पैदास करू नये, आणि तिच्या आयुष्यात पाचाहून अधिक वेळा पिल्ले घेऊ नयेत. २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीही वेगळे नियम झाले, त्यांतही नोंदणी सक्तीची आहे.

आता वरची हकिकत पुन्हा तपासा. आठ आठवडे म्हणजे छपन्न दिवस. विकणारा स्वतःच्या तोंडाने अठ्ठेचाळीस दिवस सांगत होता. म्हणजे विक्रीच मुळात नियमाबाहेरची होती. ही एक गोष्ट माहीत असती, तर त्या कुटुंबाने तेथूनच पाठ फिरवली असती.

दुसरे दार ग्राहकाच्या कायद्याचे. कायद्याच्या दृष्टीने पिल्लू ही जंगम मालमत्ता, म्हणजे 'वस्तू' आहे. जिवंत प्राण्याला वस्तू म्हणणे कानाला बरे वाटत नाही. पण तक्रार करताना हाच शब्द उपयोगी पडतो. १९८६ चा जुना ग्राहक कायदा जाऊन २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. जुन्या वाचकांना 'ग्राहक मंच' आठवत असेल. त्याचे नाव आता 'ग्राहक आयोग' असे आहे. या कायद्याने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. दोषाची वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास व पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी वाचून गप्प बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जिल्हा आयोगाकडे जाताना पुढील गोष्टी माहीत असाव्यात. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आपण जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात ती करता येते; विकणाऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही, स्वतः बाजू मांडता येते. आधी सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

दोन मर्यादाही सांगून ठेवतो. फुकट मिळालेल्या पिल्लाबाबत ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही, कारण मोबदला दिलेला नसतो. आणि पिल्ले विकण्याच्या धंद्यासाठी कुत्री घेतली असेल, तर व्यापारी हेतू म्हणून तक्रार अडू शकते.

आणखी एक गैरसमज. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद आहे, मग काळजी नाही, असे पुष्कळांना वाटते. तो कागद वंशावळीची नोंद आहे. आजा-पणजा कोण हे त्यावरून कळते. प्रकृती कशी हे कळत नाही. जन्मदाखला आणि डॉक्टरचा दाखला यांत जो फरक, तोच येथे.

कागदावर काय लिहून घ्यावे

वकिली भाषेची गरज नाही. साध्या कोऱ्या कागदावर, साध्या मराठीत, दोघांच्या सह्यांनिशी पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात :

१. विकणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक; पिल्लाची जात, रंग, नर की मादी, जन्मतारीख, मायक्रोचिपचा क्रमांक; किंमत व तारीख.

२. कोणती लस, कोणत्या तारखेला, कोणत्या डॉक्टरांनी दिली. लसीच्या बाटलीचे लेबल पुस्तकात चिकटवलेले असावे. जंताचे औषध कधी दिले तेही.

३. घेणाऱ्याने स्वतःच्या डॉक्टरांकडून तीन दिवसांत तपासणी करून घ्यावी, आणि गंभीर दोष निघाल्यास पूर्ण पैसे परत मिळावेत.

४. पार्व्हो, डिस्टेंपर यांसारख्या संसर्गासाठी किमान चौदा दिवसांची हमी.

५. खुब्याच्या व इतर आनुवंशिक दोषांसाठी किमान एक वर्षाची, आणि मोठ्या जातींसाठी जमल्यास दोन वर्षांची हमी.

६. दोष निघाल्यास पैसे परत, बदली पिल्लू की उपचाराचा खर्च, यांतली निवड घेणाऱ्याची. खर्चाची मर्यादा आकड्यात लिहावी.

काही विकणारे छापील कागद देतात. तो घरी नेऊन वाचू नये, तेथेच वाचावा. 'दाव्यासाठी पिल्लू परत आणून दिले पाहिजे' असे कलम असेल तर सावध व्हावे. मुले रडतील, पिल्लू कोणी परत देणार नाही, आणि म्हणून दावाही कोणी करणार नाही, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असते. 'फक्त आमच्याच डॉक्टरचा दाखला चालेल', 'आम्ही सांगू तेच खाद्य आमच्याकडूनच घेतले पाहिजे', 'औषधोपचाराचा खर्च कोणत्याही स्थितीत मिळणार नाही' ही कलमेही त्याच जातीची. अशी गॅरंटी घेणाऱ्याला वाचवण्यासाठी लिहिलेली नसते.

पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत, म्हणजे पुरावा राहतो. जाहिरातीचा फोटो आणि विकणाऱ्याशी झालेले संदेश पुसून टाकू नयेत. कागद घेतलेला नसला तरी एवढ्या पुराव्यावरही पुष्कळ काम होते.

आजारी पडल्यावर काय करावे

पहिले काम डॉक्टर. विकणाऱ्याशी भांडण नंतर. लहान पिल्लू उलट्या-हगवणीने एका दिवसात खचते. फोनवर वाद घालण्यात गेलेले चार तास त्याच्या जिवावर येतात. डॉक्टरांकडून रोगाचे नाव, तारीख, विष्ठेच्या चाचणीचा निकाल आणि आजार केव्हापासून असावा याविषयीचे मत लेखी घ्यावे. बिले एका पाकिटात ठेवावीत.

त्याच दिवशी विकणाऱ्याला संदेशाने कळवावे आणि दोन-तीन दिवसांत स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे. पत्रात शिवीगाळ नको. काय घेतले, काय झाले, डॉक्टर काय म्हणतात, आपले मागणे काय आणि किती दिवसांत, एवढेच लिहावे. पंधरा दिवसांची मुदत पुरे.

दुर्दैवाने पिल्लू गेले आणि कारणाबद्दल वाद असेल, तर शवविच्छेदन करून घ्यावे. मन घट्ट करावे लागते, पण याहून बळकट पुरावा नाही. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे चौकशी करावी. देह बर्फाच्या पिशव्यांत थंड ठेवून शक्य तितक्या लवकर न्यावा. फ्रीजरमध्ये गोठवू नये; त्याने तपासणी बिघडते.

आपल्या वाट्याची जबाबदारी

विकणाऱ्याकडे बोट दाखवणाऱ्याचा स्वतःचा हात स्वच्छ असावा लागतो. एक लस झाली म्हणजे पिल्लू सुरक्षित झाले असे नाही. आईच्या दुधातून आलेली संरक्षक शक्ती काही आठवडे लसीचा परिणाम होऊ देत नाही, आणि ती केव्हा संपेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यावी लागते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर. तोपर्यंत पिल्लाला सोसायटीच्या आवारात, बागेत, अनोळखी कुत्र्यांत सोडू नये. मोठ्या जातीच्या पिल्लाला लठ्ठ करू नये. फरशीवर गोणपाट किंवा सतरंजी टाकावी. हे आपण केले नाही आणि पिल्लू लंगडले, तर आयोगापुढे विकणारा नेमके हेच विचारील, आणि त्याचे विचारणे रास्त असेल.

आणि ज्यांना हा सगळा कागदोपत्रांचा व्याप नको, त्यांनी वस्तीतल्या गावठी पिल्लाकडे पाहावे. आपल्या उन्हापावसात पिढ्यान्‌पिढ्या तगलेला तो जीव आहे. नाक पूर्ण, पाय मजबूत. त्याला लसी तेवढ्याच लागतात आणि माया तेवढीच. त्याच्यासाठी कोणी कुत्रीला पिंजऱ्यात डांबून वर्षाला पिल्ले काढत नाही.

तरीही जातिवंत पिल्लूच हवे असेल, तर अवश्य घ्या. पण जेथे जन्मले तेथे जाऊन, आईला पाहून, छपन्न दिवस मोजून, कागद लिहून घ्या. आणि जो विकणारा कागदावर सही करायला कचरतो, त्याला नमस्कार करून रिकाम्या हाताने घरी या. मुले एक दिवस रुसतील. तो रुसवा पिल्लाच्या मरणापेक्षा सोसायला सोपा असतो.